भगताचा खांदा

आमच्या गावात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बारागाड्या ओढतात. ज्यांनी कधी पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी आधी सांगतो. बैल सोडून बारा बैलगाड्या दोरांनी एकामागे एक बांधायच्या आणि त्यांच्यावर मावतील तेवढी माणसं बसवायची. न मावणारीही बसतात. पहिल्या गाडीचं जू भगताच्या खांद्यावर येतं. भगत म्हणजे ज्याच्या अंगात खंडेराव येतो तो. त्याच्या दोन्ही काखांत हात घालून दोन माणसं चालतात, त्यांना बगले म्हणतात. भगत गाड्यांना फेरी घालतो, उजवी मूठ भंडाऱ्यानं भरतो, हात सरळ डोक्यावर नेऊन पहिल्या गाडीवरून मागे उधळतो, ‘येळकोट’ होतो आणि गाड्या चालू लागतात.

हेही सांगायला हवं की प्रत्येक गाडीच्या मागे गावातले तरणे गडी उभे असतात. ते गाडीला ‘हात लावतात’. ढकलतात असं कोणी म्हणत नाही. मागच्यांना पुढचं काही दिसत नाही. हवेत पिवळा ढग दिसला की ते हात लावतात. मी सारी उमर शाळेत पोरांना बळ म्हणजे काय ते शिकवलं, पण आखाजीच्या दिवशी तो धडा मीही काढत नाही. गावात राहायचं असतं.

तोताराम आमचा भगत. मान त्याच्या आजापासून घरात. धिप्पाड माणूस, आवाज असा की हाळी दिली तर नरडाण्याच्या रेल्वे फाटकावरचा माणूस वळून पाहील. नव्वद-एक्याण्णव साल असेल. कापसाचं गठोडं गाडीत फेकताना त्याच्या उजव्या खांद्यात कळ आली आणि ती गेलीच नाही. पौषात हात डोक्यापर्यंत जायचा, माघात कानापर्यंत, आणि होळीला छातीच्या वर जाईना. सदरा घालायलाही बायको लागे.

एका संध्याकाळी तो माझ्या ओट्यावर आला. पोरं अभ्यासाला बसली होती. त्यांना पाढे लिहायला लावून मी त्याच्याजवळ सरकलो.

“गुरुजी, मना हात वर जास नहीं.”

“केव्हापासून?”

“हळू बोला ना! चिंधाना कान लांब शेतस.”

चिंधा हा त्याचा चुलतभाऊ. भगतपणाचा मान आपल्या घरी यायला हवा होता असं त्याचं आणि त्याच्या बापाचंही म्हणणं होतं. दर आखाजीला तो पहिल्या गाडीशेजारी नवा सदरा घालून उभा राही, भगताचं काही झालंच तर आपण आहोत, अशा बेतानं.

“आखाजीले मूठ उधळानी शे,” तोताराम म्हणाला. “हात उना नहीं तर चिंधा म्हणी, देव उठी गया. मान जाई त्याना घर. मंग मी काय करू? गाडीवर बठू, बठ्ठासनी मायक?”

सगळ्यांसारखं गाडीवर बसून जाण्याची त्याला खरी भीती होती. बापाच्या डोळ्यांदेखत त्यानं पहिलं जू घेतलं होतं.

घरी मिठाचा शेक झाला होता, एरंडाची पानं बांधून झाली होती. एका जाणत्यानं तापल्या सळईचा डाग द्यायचं सुचवलं होतं. ते मी मोडून काढलं. डॉक्टरकडे जाऊ म्हटलं. धुळं जवळ, पण धुळ्याच्या एसटीत अर्धं आमचंच गाव बसलेलं असतं. म्हणून नरडाण्याहून पॅसेंजरनं जळगावला जायचं ठरलं. गावाला सांगितलं, भाचीच्या लग्नाचं सोनं बघायला जातो. आठवड्यातून दोनदा सोनं बघणारा माणूस गावानं पाहिला नव्हता. पंधरा दिवसांत तोतारामच्या खळ्यात हंडा सापडल्याची बातमी शिंदखेड्यापर्यंत गेली.

जळगावचे डॉक्टर भोळे तरुण होते. त्यांनी हात फिरवून पाहिला, वाकवून पाहिला, तोतारामच्या तोंडून खंडेरावाचं नाव काढवलं आणि म्हणाले, “बाबा, स्नायू हाडाला दोरानं बांधलेला असतो. तुमचा तो दोर विरलाय, सुजलाय. तुटलेला नाही. मेहनत घेतली तर हात येईल.”

मग त्यांनी मशीन काढलं. रेडिओएवढा डबा, त्याला वायर, वायरीच्या टोकाला नळाच्या तोटीसारखा, तोंडाशी चपटा स्टीलचा दांडा. खांद्याला गार लोणी लावावं तसं काहीतरी लावून डॉक्टर तो दांडा गोल गोल फिरवू लागले.

“चटका लागस नहीं,” तोताराम जरा नाराजीनं म्हणाला.

“लागायला नकोच. आवाजाच्या लहरी आहेत.”

“आवाज बी येस नहीं.”

“माणसाच्या कानाला ऐकू येत नाही असा आवाज असतो तो.”

तोतारामनं मान वळवून डब्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर मी तो भाव फक्त देवळात पाहिला होता. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, “दिसस नहीं, ऐकू येस नहीं, चटका लागस नहीं. गुरुजी, पावर मोठी शे!”

ज्याचा धंदाच न दिसणाऱ्याशी, त्याला आणखी काय पटवून द्यायचं!

मशीन झाल्यावर डॉक्टरांनी व्यायाम दाखवला. भिंतीसमोर उभं राहायचं. दुखऱ्या हाताची बोटं मुंगीसारखी भिंतीवर चालवत वर न्यायची. दुखलं की थांबायचं, श्वास घ्यायचा, आणखी थोडं वर जायचं. शिवाय वाकून, हातात तांब्या धरून तो घड्याळाच्या लोलकासारखा हलवायचा. सकाळ-संध्याकाळ, न चुकता. तोताराम हे सगळं पाहत होता, पण कीर्तन संपल्यावर माणूस चपला शोधत असतो तसा.

घरी गेल्यावर त्यानं बायकोला, झुंबरबाईला, सगळं नीट सांगितलं असावं. कारण पुढच्या खेपांना डॉक्टर विचारत, “व्यायाम?” आणि तो ठामपणे सांगे, “रोज व्हस साहेब. चुकत नहीं.”

खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. म्हणून मीही विश्वास ठेवला.

अर्धा चैत्र सरला तरी हात होता तिथेच. डॉक्टर बुचकळ्यात पडले. मशीन नीट चालत होतं. त्यांनी दांड्यावर पाण्याचे थेंब टाकून दाखवले, थेंब थरथरले. तोतारामनं त्या थेंबांना डाव्या हातानं नमस्कार केला.

एका सकाळी मी त्याच्या घरी तांब्याभर ताक आणायला गेलो. मागच्या पडवीत झुंबरबाई भिंतीकडे तोंड करून उभी होती. उजव्या हाताची बोटं मुंगीसारखी वर चालली होती. पदर कमरेला खोचलेला, ओठ मिटलेले. बोटं पार वर, कडीपाटाच्या खुंटीपर्यंत गेली आणि तशीच चालत खाली आली. पायाशी पितळी तांब्या ठेवलेला होता.

“वहिनी, हे काय?”

ती दचकली. “डाक्टरनी सांगेल शे ना, रोज कराले. मी करस.”

“अहो, तोतारामला सांगितलंय!”

“त्यास्नाच करता करस ना मी,” ती मला समजावून सांगू लागली, मी वर्गातला ढ पोरगा असल्यासारखं. “एकादशी त्यास्नी, धरस मी. शनवार त्यास्ना, धरस मी. पायमा चप्पल नहीं घालानी हाऊ नवस त्यास्नी बोलेल, फेडा मी. हाई बी तसंच.”

 तिच्या बोलण्यात चूक काढणं सोपं नव्हतं. आमच्याकडे नवरा आजारी पडला तर बायको उपाशी राहते, पोरगा परीक्षेला बसला तर आई अनवाणी चालते. पुण्य कमवायचं एकानं आणि जमा व्हायचं दुसऱ्याच्या नावावर, हे ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चाललंय, त्या घरात भिंतच तेवढी का अपवाद असावी?

तोताराम ओट्यावर विडी ओढत होता. मी त्याच्यासमोर बसलो. पोरांना समजावतो तसं म्हटलं, “तोताराम, तुझा पाढा तुझ्या बहिणीनं पाठ केला, तर मास्तरांनी विचारल्यावर कोणाला येईल?”

“बहीनले.”

“मग?”

“पाढासले देव नहीं ना गुरुजी!” तो म्हणाला. “तिना उपास माले इतला वरीस लागू पडनात. एक दिन बी दवाखाना नहीं देखा मी. आते भीतच काब्र लागू पडाव नहीं?”

“कारण दोर तुझ्या खांद्यातला विरलाय.”

“त्याले मशीन शे ना.”

मी हरलो. उठता उठता सहज झुंबरबाईला विचारलं, की तुम्हाला दुखत नाही का इतका हात वर न्यायला?

“पहिलांदा जीव जाये,” ती म्हणाली. “मना बी खांदा धरेल व्हता ना. दोन वरीस शेजारनी तानुबाई मना आंबाडा बांधी देये.”

“आणि आता?”

तिनं पदर सावरल्यासारखा करून दोन्ही हात मानेमागे नेले, अंबाडा सोडला, पुन्हा बांधला.

तोतारामनं विडी खाली केली. “तुना खांदा धरेल व्हता?”

“व्हता.”

“मंग माले सांगं नहीं कधी?”

“तुम्हीन इचारं नहीं कधी.”

मशीन एकट्या नवऱ्याला, भिंत एकट्या बायकोला. एकाच घरात, एकाच छपराखाली. मी पोरांना मूग दोन वाट्यांत पेरायला लावतो; एकीला पाणी घालायचं, दुसरीला नाही, बाकी सगळं सारखं. इथं वाट्या अगदीच सारख्या नव्हत्या, पण कोणती वाटी उगवली ते समोर दिसत होतं. संध्याकाळी नावं न सांगता मी पोरांना हेच कोडं घातलं. बाराखडी नीट न येणारी पोरंसुद्धा म्हणाली, “गुरुजी, भिंतनी दवा लागू पडनी.” मोठ्या माणसाला हे इतक्या लवकर समजत नाही. त्याला शिकलेलं आधी विसरावं लागतं.

पुढच्या खेपेला मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते आधी पोट धरून हसले. मग खुर्ची ओढून बसले.

“बाबा, खरं सांगू? हे मशीन खांद्याच्या या दुखण्यावर कितपत चालतं याचा पक्का हिशेब आम्हालाही लागलेला नाही. परदेशात तपासून पाहिलंय. काहींना मशीन चालू ठेवून लावलं, काहींना बंद ठेवून, आणि कोणालाच सांगितलं नाही. खांदे बरे व्हायचे ते दोन्हीकडे झाले.”

“मग तुम्ही लावता कशाला?” मी विचारलं.

“गुरुजी, नुसती भिंत दाखवून पाठवलं तर माणूस दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. म्हणतो, भोळेला काही येत नाही, भिंत माझ्या घरीही आहे. मशीन लावलं की तो पुन्हा येतो. पुन्हा आला की मी पुन्हा भिंत सांगतो.”

तोताराम रागानं लाल झाला होता. माझ्याकडे वळून म्हणाला, “उठा गुरुजी. याले मशीन चालाडता येस नहीं, म्हणीसन मशीनले नाव ठेवी ऱ्हायना. धुयाले मोठं मशीन शे म्हणतस.”

डॉक्टरांना मी बारागाड्यांचं आधीच सांगितलं होतं. त्यांनी शांतपणे विचारलं, “बाबा, आखाजीला गाड्या कोण ओढतं?”

“देव ओढस. मना आंगमा येईसन.”

“आणि मागची पोरं?”

“त्या हात लावतस फक्त.”

“माझं मशीनही हात लावतं फक्त,” डॉक्टर म्हणाले. “ओढायचं तुम्हाला आहे.”

परतीच्या गाडीत पाळधी मागे पडलं. मग तोताराम खिडकीबाहेर बघत म्हणाला, “डाक्टर देव मानत नहीं. म्हणीसन त्याना मशीनले गुण नहीं.”

आखाजीला थोडेच दिवस राहिले होते. त्यानं दोन दिवस भिंतीशी झटून पाहिलं, तिसऱ्या दिवशी कळ डोक्यात गेली आणि त्यानं भिंतीला शिव्या घालून पुन्हा बायकोकडे सोपवली. झुंबरबाईनं विनातक्रार घेतली. तिला ती आता आवडू लागली होती.

आखाजी उजाडली. निंबाच्या फांद्यांना झोके, सासरहून आलेल्या पोरींची गाणी, घरोघर पुरणाचा वास. दुपार कलली तसं वेशीबाहेर गाव जमलं. बारा गाड्या बांधल्या गेल्या, भरल्या गेल्या, आणि मग आणखी भरल्या गेल्या. चिंधा नव्या सदऱ्यात पहिल्या चाकाजवळ उभा होता. मी पहिल्या गाडीवर, धुरीला धरून बसलो होतो, त्यामुळे सारं मला जवळून दिसलं.

तोताराम फेरी घालून आला. अंगात वारं होतं, डोळे तारवटलेले. जू खांद्यावर घेतलं, तेही डाव्या. बगल्यांनी काखा धरल्या, उजवीकडच्यानं धरताच देवाच्या तोंडून “आय वं!” निघालं. भगताच्या बायकोनं आरतीचं ताट घेऊन जुवाशी उभं राहायचं असतं, तशी झुंबरबाई उभी होती. ताटात दिवा, नारळ, भंडारा.

त्यानं मूठ भरली. हात उचलला. कंबर, पोट, छाती. तिथे हात थांबला. कपाळावर घाम आला, मान वाकडी झाली, पाय टाचांवर उठले, पण खांदा हलेना. मूठ सुटली आणि भंडारा त्याच्याच धोतरावर सांडला.

मागे कोणालाच काही दिसलं नाही. त्यामुळे मागे कोणी हातही लावला नाही. बारा गाड्या शेतातल्या दगडांसारख्या उभ्या. ढोल वाजत होते ते अडखळले.

“काय व्हयनं? देव काब्र बोलत नहीं?” चिंधानं मोठ्यानं विचारलं आणि सदऱ्याच्या बाह्या वर सारत एक पाऊल पुढे टाकलं. “सरक तोताराम. मी देखस.”

तोतारामनं झुंबरबाईकडे पाहिलं. त्या नजरेत देव नव्हता. बापानं जू दिलं त्या दिवशीचा पोरगा होता.

झुंबरबाईनं ताट डाव्या हातावर तोललं, उजव्या हातानं मूठ भरली आणि हात वर गेला. कोपर कानाला लागलं. रोज सकाळी खुंटीपर्यंत जाणारा हात, त्याला काय अडचण! मूठ सुटली ती माझ्या डोक्यावरून थेट तिसऱ्या गाडीपर्यंत. पिवळा ढग उठला.

“येळकोट, येळकोट!”

मागच्यांना ढग दिसला. वाट बघून बघून कंटाळलेल्या तरण्या पोरांनी असा हात लावला की पहिली गाडी उसळली. जू तोतारामच्या मानेवर आदळलं आणि त्याच्यापुढे दोनच रस्ते उरले, पळणं किंवा चाकाखाली जाणं. तो पळाला. बगले फरफटत पळाले. गाड्या देवळाच्या पायऱ्यांपाशी थांबायच्या, त्या पायऱ्या ओलांडून वडाला लागल्या तेव्हा कुठे थांबल्या. एवढ्या वेगानं बारागाड्या गावानं कधी पाहिल्या नव्हत्या. लोक धुळीत लोटांगणं घालू लागले.

तासाभरानं देवळाच्या ओट्यावर चिंधानं तक्रार मांडली. निंबा आबा गावातले सर्वांत वडील; निवाडा त्यांचा.

“आबा, मूठ बाईनी उधळी! मी मना डोयानी देखं. मान गया त्याना.”

निंबा आबांनी तंबाखू चोळत विचारलं, “गाड्या चालन्यात का?”

“चालन्यात.”

“कोनी चालाड्यात?”

चिंधा पेचात पडला. बाईच्या मुठीनं चालल्या म्हणावं, तर मान बाईचा होतो. मागच्या पोरांनी चालवल्या म्हणावं, तर ज्या मानासाठी तो इतकी वर्षं नवे सदरे शिवत होता त्या मानात काही उरत नाही. त्यानं वर सारलेल्या बाह्या खाली केल्या. मग म्हणाला, “देवनी.”

“मंग बस खाले,” आबा म्हणाले.

मान तोतारामच्या घरात राहिला. पण बाईचा हात उठला आणि भगताचा नाही, याचा उलगडा लोकांना हवाच होता. तो खुद्द तोतारामनं दिला. सोनं बघायला नाही, खांद्यासाठी जळगावला जात होतो हेही त्यानं आता छाती पुढे काढून सांगितलं. “मशीननी पावर मना आंगमा गयी. पन ती अर्धांगी शे ना! मनी अर्धी पावर तिले गयी. हात तिना उठना.”

गावानं मान डोलावली. इतकं सरळ होतं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या घरी गेलो तर ओट्यावर पाच-सहा जण बसलेले, कोणी खांदा धरून, कोणी गुडघा धरून. सगळ्यांना जळगावच्या डॉक्टरचा पत्ता हवा होता. एकानं आधीच बायकोला घरच्या भिंतीशी उभं करून ठेवलं होतं. तोताराम त्यांच्यामध्ये बसून मशीनचा महिमा सांगत होता. दिसस नहीं, ऐकू येस नहीं.

झुंबरबाई आतून चहा घेऊन आली. सगळ्यांना दिला. नवऱ्याला दिला नाही.

“मना?”

“पहिले भीत,” ती म्हणाली.

“तू करी ना आज?”

“मनी मी करी. मना हात उना. आते तुम्हना तुम्ही आना.” तिनं पदरानं हात पुसले. “पुढली आखाजीले मी मूठ उधळनार नहीं. चिंधा शे, तुम्ही शेतस, आनि हाई भीत शे.”

ओट्यावरचे सगळे चहा फुंकायचे थांबले. तोतारामनं माझ्याकडे पाहिलं. मी पोरांकडे बघतो तसं त्याच्याकडे पाहिलं.  तो उठला. ओट्याच्या भिंतीसमोर उभा राहिला, गावाकडे पाठ करून, आणि उजव्या हाताची बोटं कमरेच्या उंचीला टेकवली.

“हळू,” झुंबरबाई म्हणाली. “मुंगीनी मायक. दुखं का थांबानं. मंग परत वर.”

बोटं चालू लागली. पोटाशी आली, छातीशी आली. छातीशी तो थांबला, विव्हळला, आणि मागे न वळता त्यानं विचारलं, “आखो वर?”

“आखो,” ती म्हणाली आणि त्याचा चहा झाकून ठेवला.